कपाळावरचं प्रश्नचिन्ह

संध्याकाळी सातच्या बातम्यांत निवेदक बोलायचा, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका चौकोनात उभी राहून एक बाई तेच हातांनी सांगायची. वय सत्तेचाळीस, अंगात बिननक्षीचा काळा सदरा, केस मागे घट्ट बांधलेले, बोटात अंगठी नाही. ज्यांना ऐकू येतं त्यांना ती दिसायचीच नाही, आणि दिसलीच तर फुटबॉलच्या स्कोअरच्या आड आली म्हणून दिसायची. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मात्र बातम्या म्हणजे तीच. वरचा निवेदक त्यांच्या दृष्टीने नुसता ओठ हलवणारा एक नीटनेटका माणूस होता.

तिचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे. घरात बोलणं हातांचंच. ती तोंडाने बोलायला शिकली ती शेजाऱ्यांकडून, आणि तेही जरा उशिराच. आठव्या वर्षी वडिलांचं दुखणं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं बोलणं वडिलांना सांगायचं काम तिच्याकडे आलं. नवव्या वर्षी शाळेतल्या बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि "ही वर्गात फार बडबड करते" अशी तक्रार केली. मधे दुभाषी म्हणून उभी होती तीच. तिने हातांनी सांगितलं, "बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे." आईने एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि तिथल्या तिथे एक धपाटा घातला. त्या दिवसापासून तिने कुणाचंही बोलणं पदरचं घालून किंवा कापून पुढे दिलं नाही. पुढे त्याचीच नोकरी झाली.

हे तोंडावरून खोटं पकडणं कसं, ते सांगायला हवं. हातांच्या भाषेत हात निम्मंच बोलतात, उरलेलं चेहरा बोलतो. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का?' यांत हातांचा काडीचा फरक नसतो. भुवया वर गेल्या की प्रश्न, नाहीतर साधं विधान. काय, कोण, कुठे, का, असलं काही विचारायचं असेल तर भुवया खाली येतात, जवळ येतात, मधे आठी पडते. 'कोण आलं?' आणि 'कोणीतरी आलं' यांत अंतर असतं ते तेवढ्या आठीचं.

बहिऱ्या लोकांत नावं अक्षर अक्षर जुळवून कोण सांगत बसणार? प्रत्येकाची एक खूण असते, तीच त्याचं नाव. तिच्या आईने एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं केली, म्हणून तिची खूण हवेत एक टाका. बधिर मंडळाचे अध्यक्ष निवृत्त सुतार, त्यांची खूण रंधा मारल्यासारखी. आणि हिची खूण म्हणजे दोन बोटांनी भुवयांमधली कातडी चिमटीत धरायची. आठी. लहानपणापासून ती सगळ्या बहिऱ्या मंडळींत 'आठी' म्हणूनच ओळखली जात होती, आणि त्यात कुणाला काही वाईट वाटायचं नाही, तिला तर नाहीच.

वाईट वाटायला लागलं ते चौकोन मोठा झाल्यावर.

हा चौकोन आधी पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. तो मोठा करावा म्हणून मंडळाने वाहिनीकडे सात वर्षं अर्ज केले. सगळे अर्ज हिनेच लिहिले, कारण मंडळात लेखी भाषा तिचीच बरी. सातव्या वर्षी वाहिनीने नवा स्टुडिओ बांधला, नवे कॅमेरे आणले, आणि चौकोन एकदम चौपट झाला. मंडळाने आभाराचं पत्र दिलं, तेही हिनेच लिहिलं. त्या दिवशी घरी येऊन तिने बातम्यांचं रेकॉर्डिंग लावलं आणि कपाळाला हात लावला. तिथे हाताला लागलं ते सगळं आता पडद्यावरही दिसत होतं. भुवयांच्या मधे दोन उभ्या चिरा, वर चार आडव्या. टीव्हीवर एकोणीस वर्षं रोज शेकडो प्रश्न विचारले त्याच्या घड्याच त्या.

चार दिवसांनी वाहिनीला एक पत्र आलं. लिहिणारा ऐकू येणारा गृहस्थ. "कोपऱ्यातल्या बाई माझ्याकडे सारख्या रागाने का बघतात? मी दिवसभर काम करून घरी येतो. घरात आहे तेवढं पुरे आहे." बातम्यांच्या निर्मात्याने ते हसत हसत तिला वाचायला दिलं.

"मनाला लावून घेऊ नका हं," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. त्याला दर वाक्यागणिक घड्याळ बघायची सवय होती. "पण कसंय, थोडं फ्रेश दिसलं तर कुणाला नको असतं?"

तिने मनाला लावून घेतलं.

सल्ला द्यायला नणंद तयारच होती. नणंद विमा कंपनीत वरच्या हुद्द्यावर, वयाने हिच्याहून दोन वर्षांनी मोठी आणि दिसायला सहा वर्षांनी लहान. तिने आदल्या वर्षी नाकापासून ओठांपर्यंतच्या रेघांत फिलर भरून घेतलं होतं.

"दुखलं का हो ताई?"

"दुखलं म्हणजे काय, टोचलं. आणि आठवडाभर तोंड असं सुजलं होतं, की चहा पिताना निम्मा हनुवटीवर. डाव्या बाजूला गाठ आली एक. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरं एक इंजेक्शन दिलं, गाठ विरघळली. अगं, हल्ली पेन्सिल-खोडरबरासारखं आहे ते. नाही आवडलं तर पुसून टाकायचं."

पुसून टाकायचं, एवढं हिने लक्षात ठेवलं.

त्या दवाखान्यात दवाखान्याचा वास नव्हता, लिंबाच्या सालीचा होता. भिंतीवर ज्यांचे फोटो होते त्यांपैकी कुणाचीच तिशी उलटलेली दिसत नव्हती. मग त्यांच्यावर उपचार कशाचे केले असतील, असा एक प्रश्न तिच्या मनात येऊन गेला. डॉक्टरीणबाई मात्र भल्या होत्या. स्वतःच्या कपाळावर दोन बारीक रेघा बाळगून होत्या, त्यामुळे विश्वास बसायचा.

"आधी काय होणार नाही ते सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्ही वीस वर्षांच्या होणार नाही. कातडी घट्ट होणार नाही, डाग जाणार नाहीत, त्याला वेगळे उपाय असतात. या इंजेक्शनने फक्त स्नायू सैल पडतो. आठी घालणारा स्नायू सैल पडला की आठी पडत नाही, इतकं साधं आहे. सुई अगदी बारीक. दहा-पंधरा मिनिटांचं काम. डास चावल्यासारखे फोड येतील, अर्ध्या तासात बसतील. एखादा निळा डाग पडेल, आठवड्यात जाईल. डोकं दुखू शकतं एखाद-दोन दिवस. क्वचित कुणाची पापणी थोडी उतरते, तीही काही आठवड्यांत सावरते. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, आज व्यायाम नाही. आणि आज आरशात बघू नका, काही दिसणार नाही. तीन-चार दिवसांनी सुरुवात, पंधरा दिवसांनी पूर्ण. मग तीन-चार महिने राहतं आणि आपोआप उतरतं. काम काय करता तुम्ही?"

"बातम्यांत असते. टीव्हीवर."

"अरे वा! मग तुम्हाला काय सांगायचं. तुमच्यातले बरेच जण येतात माझ्याकडे."

इथे ती बोलायला हवी होती. दुसऱ्यांचं प्रत्येक वाक्य पूर्ण पोचवणाऱ्या बाईने स्वतःचं अर्धंच पोचवलं. पण एकोणीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा तिला 'बातम्यांतली' समजलं होतं, 'कोपऱ्यातली' नव्हे. तो गैरसमज तिला गोड लागला.

मग आलं संमतीपत्र. सहा पानी. बहिऱ्या रुग्णांसोबत इस्पितळात जाऊन असली पत्रं ओळ न् ओळ समजावून देणं हे तिचं दुसरं काम. "घाई करू नका, सगळं कळल्याशिवाय सही नाही," हे ती प्रत्येकाला बजावायची. स्वतःच्या सहाही पानांवर तिने मिनिटभरात सह्या केल्या. 'चेहऱ्यावरील हावभाव तात्पुरते मर्यादित होऊ शकतात' हे वाक्य तिसऱ्या पानावर होतं, आणि जाड अक्षरांत होतं.

"आता रागवा बघू," डॉक्टरीणबाई पांढरी पेन्सिल घेऊन म्हणाल्या. तिने भुवया जवळ आणल्या. त्यांनी पाच ठिपके काढले. "आता आश्चर्य वाटलंय असं दाखवा." तिने भुवया वर नेल्या. आणखी ठिपके पडले. कपाळावर जिथे जिथे प्रश्न उमटत होता, तिथे तिथे खूण झाली, आणि मग प्रत्येक खुणेवर एकेक सुई.

सांगितल्याप्रमाणेच सगळं झालं. फोड बसले, उजव्या भुवईवर वाटाण्याएवढा निळा डाग आला. ती चार तास ताठ बसून राहिली. तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच नाही, तेव्हा तिला वाटलं, फसवलं. पाचव्या दिवशी कपाळावर कुणी ओलं फडकं बांधल्यासारखं जड वाटू लागलं. आठव्या दिवशी आरशातली बाई तिच्याकडे शांतपणे पाहत होती. इतकी शांत ती स्वतः कधीच नव्हती.

ऐकू येणाऱ्या जगाने तिला डोक्यावर घेतलं. मेकअपवाली म्हणाली, "मॅडम, तुमच्यावरचं माझं काम निम्मं झालं." निर्माता म्हणाला, "सुट्टीवर जाऊन आलात का?" आणि तेवढ्यापुरतं घड्याळ बघायचंही विसरला. नणंदेने फोटो काढून चार जणींना पाठवला. फक्त नवऱ्याला काही दिसलं नाही. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासायचा. अकराव्या दिवशी त्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "केस कापलेस?"

आई तिच्याकडेच राहायची, वय बहात्तर. तिने काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा ओळखलं, पण काय ते तिला उमगेना. एके सकाळी हिने हातांनी विचारलं, "चहा घेणार?"

आईने हातातलं विणकाम ठेवलं. "नाही घेणार. हुकूम कसले सोडतेस?"

"हुकूम कुठे? विचारलं."

"विचारलं नाहीस. 'चहा घेणार' म्हणालीस. मी काय तुझ्या हाताखाली आहे?"

दुपारी दारावरचा दिवा लुकलुकला. बहिऱ्यांच्या घरात घंटीला दिवा जोडलेला असतो. नवऱ्याने दार उघडून पाहिलं आणि परत लावलं, तेव्हा हिने आतून त्याला तोंडाने आणि सवयीने हातांनीही विचारलं, "कोण आलं?" आईने ते हात पाहिले. 'कोणीतरी आलं.' ती उठली, केस नीट केले, दाराशी गेली, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आई परत आली, लेकीसमोर उभी राहिली आणि दोन्ही अंगठ्यांनी तिचं कपाळ दाबून पाहिलं, जसं कापड हातात घेऊन पोत बघतात तसं.

"हलव."

ती हलवायला गेली. काहीच हललं नाही.

"आजारी आहेस? झटका आला?" आईने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. आजोबांना झटका आला होता तेव्हा त्यांचं अर्धं तोंड असंच झालं होतं. तेव्हा मग हिला खरं सांगावं लागलं. सुया, स्नायू, पंधरा दिवस, सगळं.

आई आधी हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग एकदम थांबली. "पैसे देऊन तोंड शिवून आलीस. एकतीस वर्षं मी मशीनवर होते, पण काज असतं ते उघडायला. तू तर अख्खा कोटच शिवून टाकलास."

"तीन-चार महिन्यांनी उतरतं."

"तोवर?"

"तोवर हात आहेत ना," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. आतून ती प्रश्नच विचारत होती, आणि आतून विचारलेला प्रश्न बाहेर दिसतोच, असा आपला सगळ्यांचाच समज असतो.

बाराव्या दिवशी पाणीपुरवठ्याची बातमी आली. मुख्य नळ फुटला होता, पाण्यात गढूळपणा आला होता. खात्याचे अधिकारी पडद्यावर आले. लोकांना सोपं जावं म्हणून ते स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत होते. "पाणी पिण्यासारखं आहे का? नाही. उकळून चालेल का? हो. किती दिवस? चार." कोपऱ्यात हिचे हात बिनचूक चालत होते. पण बघणाऱ्यांना दिसलं ते असं: "पाणी पिण्यासारखं आहे. नाही. उकळून चालेल. हो. काही दिवस. चार." आणि हे सगळं अशा प्रसन्न, निवांत चेहऱ्याने, की कुणाला वाटावं, बाई हवामान छान असल्याचं सांगतायत.

रात्रभर मंडळाच्या सभासदांत वाद चालला. काहींनी पाणी उकळलं. काहींनी, चार दिवस पाणी येणार नाही असं समजून, घरातली भांडी, बादल्या, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी 'आठी इतकी शांत आहे म्हणजे काळजीचं कारण नाही' असा निष्कर्ष काढला आणि तेच पाणी प्यायलं. दोघं तीन दिवस अंथरुणाला खिळून होते.

हे कळलं तेव्हा ती त्यांच्या घरी गेली. म्हातारीने उशीवरूनच हात हलवले, "तुझ्यावर विश्वास ठेवला ना आम्ही." हिने क्षमा मागितली. पण क्षमा मागतानाही चेहरा लागतो. म्हातारा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग बायकोला म्हणाला, "हिला काही वाटतच नाही." हिचे डोळे भरून आले होते. कपाळावरची रेषही हलली नाही.

तिथून ती सरळ दवाखान्यात गेली. "हे काढून टाका," म्हणाली. "दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवा."

"विरघळतं ते फिलर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याला तसा उतारा नाही. वाट बघावी लागते. पण झालं काय? इतकं सुंदर बसलंय! तुम्ही बातम्या वाचता ना?"

"मी बातम्या वाचत नाही. चेहऱ्याने सांगते. बहिऱ्यांना."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. मीच अर्धं उत्तर दिलं."

निघताना बाहेरच्या मुलीने तिला पुढच्या खेपेला वीस टक्के सवलतीचं कार्ड दिलं.

पुढच्या आठवड्यात मंडळ वाहिनीच्या ऑफिसात तक्रार घेऊन आलं. अध्यक्ष सुतारकाका, दोन सभासद, आणि सर्वांत जुनी सभासद म्हणून हिची आई. समोर निर्माता. निर्मात्याला हातांची भाषा येत नव्हती, मंडळाला कानांची. मधे दुभाषी हवा होता, आणि वाहिनीकडे दुभाषी एकच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुभाष्याचा एक नियम असतो. समोरचा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. ती नियम सोडणारी नव्हती. सुतारकाकांचे हात चालू लागले आणि ती मोठ्याने बोलू लागली.

"सात वर्षं आम्ही चौकोन मोठा करा म्हणून भांडलो. तुम्ही केलात, आभार. आता त्या मोठ्या चौकोनात भिंत उभी आहे."

"भिंत?" निर्माता म्हणाला. "मागचा पडदा म्हणताय का? रंग बदलू या."

"मागची नाही, पुढची. ती बाई. ती बाई काढा."

"कुठली बाई?"

"मी," ती म्हणाली. मग गडबडून, "म्हणजे, मी नाही. म्हणजे सुतारकाका म्हणतायत ती. म्हणजे मीच."

निर्मात्याने तिच्याकडे बोट दाखवलं. "पण यांचं काय चुकलं? उलट हल्ली किती छान दिसतात! अभिनंदनाची पत्रं येतायत आम्हाला."

हे आता तिला हातांनी सांगायचं होतं. 'छान' हा शब्द तिने छातीपाशीच, लहानसा केला. आईने टेबलावर थाप मारली. "नीट सांग. जेवढं तो म्हणाला तेवढं."

तिने 'छान' पुन्हा मोठं करून सांगितलं. दोन सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं.

सुतारकाका म्हणाले, "आमच्यातलंच माणूस उभं करा. ऐकणारी बाई कॅमेऱ्याच्या खाली बसेल, आमच्या माणसाला हातांनी सांगेल, तो पडद्यावरून सगळ्यांना सांगेल. बाहेर असं करतात."

निर्मात्याने घड्याळ पाहिलं. "ज्यांना ऐकूच येत नाही ते बातम्या सांगणार?"

तिने ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. सुतारकाकांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठून उभे राहिले आणि रंधा मारल्यासारखे हात फेकत बोलू लागले. तिने त्याच सुरात भाषांतर केलं, "तुम्ही कोण ठरवणार? आम्ही बातम्या सांगू शकणार नाही, हे तुम्ही…"

"अहो, मी ठरवलं कुठे? मी विचारलं फक्त!" निर्माता घाबरून म्हणाला.

सगळे थांबले. तिने हळूच दोन्ही हात वर केले आणि बोटाने हवेत एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. "तो विचारत होता," तिने सांगितलं. "दिसलं नाही. माझ्यामुळे."

सुतारकाका खाली बसले. निर्मात्याला तेव्हा कुठे कळलं की तक्रार नेमकी काय आहे. एका न हललेल्या भुवईपायी आपण मार खाता खाता वाचलो, हेही.

कॅमेऱ्यापुढे चाचणी घेतली सुतारकाकांची. पण त्यांच्या मिशांत निम्मं तोंड झाकलेलं, आणि दिवे लागल्याबरोबर ते जमिनीकडे बघायला लागले. सभासदांपैकी एकाला घाम फुटला. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत बसली होती. समोरच्या कॅमेरामनला ती हातवारे करून सांगत होती की सुतारकाका तरुणपणी कसे शिडीवरून पडले. कॅमेरामनला भाषा येत नव्हती, तरी तो पोट धरून हसत होता. निर्मात्याने ते पाहिलं.

अशी बहात्तराव्या वर्षी आई टीव्हीवर आली. लेक कॅमेऱ्याच्या खाली बुटक्या स्टुलावर, कानात बातम्या, आणि हात आईकडे. लेक कोऱ्या तोंडाने शब्द पुरवायची, प्रश्न असला की बोटाने हवेत चिन्ह काढायची, आणि आईच्या तोंडावर तो प्रश्न सगळ्या सुरकुत्यांसकट उभा राहायचा. पहिल्या दिवशी मेकअपवालीने त्या सुरकुत्या क्रीमने भरायला घेतल्या, तेव्हा आईने तिचं मनगट धरून ठेवलं. भाषा लागली नाही, मेकअपवालीला बरोबर कळलं.

बहिऱ्यांच्या घरी आनंद झालाच, पण ऐकू येणाऱ्यांचीही पत्रं यायला लागली. 'कोपऱ्यातल्या आजी फार गोड आहेत.' तो पूर्वीचा गृहस्थ होता की नाही कोण जाणे, पण एकाने लिहिलं, 'आजी रागावल्या की बरं वाटतं, आपल्यासाठी कुणीतरी रागावतंय.' वाहिनीने आजींचा फोटो जाहिरातीत टाकला.

अडचण एकच होती. पुढाऱ्यांच्या बातम्यांना आई नाक मुरडायची. जाहिराती चालू असताना लेक खालून बजावायची, "आई, तुझं मत नको. फक्त बातमी."

"मत कुठे दिलं? चेहरा आहे माझा. तो काय घरी ठेवून येऊ? तुझ्यासारखा?"

लेकीला हे लागायचं. पण त्या बुटक्या स्टुलावर तिला एक गोष्ट मिळाली, जी तिने कुणाला सांगितली नाही. आठव्या वर्षापासून जग आईपर्यंत पोचवायचं काम तिचं होतं, आणि सांगून झालं की तिचं लक्ष पुढच्या वाक्याकडे जायचं. आता रोज अर्धा तास तिला आईच्या चेहऱ्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पूर आला, संप मिटला, कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात हत्तीण व्याली, हे सगळं तिने त्या दिवसांत आईच्या तोंडावर वाचलं. इतक्या वर्षांत आपण आईला किती सपक बातम्या पुरवत होतो, असं तिला वाटून गेलं.

दहाव्या आठवड्यात आईने राजीनामा दिला. निर्माता हातापाया पडायच्या बेतात होता. त्याने कारण विचारलं, लेकीने ते आईला विचारलं आणि आईचं उत्तर तोंडाने सांगितलं.

"रोज तीच माणसं, तीच रडगाणी. नट्टापट्टा करून उभं राहायचं आणि सांगायचं काय, तर चौकशी चालू आहे. आणि सात ही माझी मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायची वेळ आहे. दहा आठवडे त्या तिघीच खेळतायत, लबाडी करत असणार."

तोवर लेकीचं कपाळ जागं व्हायला लागलं होतं. मात्र इंजेक्शन दोन्हीकडे सारखं दिलं तरी सारखं उतरेलच असं नाही. डावी भुवई आधी सुटली, उजवी अजून झोपलेली. आठीही पडू लागली, पण अर्धीच. तिने आरशासमोर दोन दिवस सराव केला. प्रश्न निदान प्रश्न म्हणून ओळखू येत होते. ती पुन्हा चौकोनात उभी राहिली. त्या दिवशी अर्थमंत्र्यांची मुलाखत होती आणि निवेदकाने त्यांना एकामागून एक बारा प्रश्न विचारले. बाराही तिने पोचवले, डाव्या भुवईने.

घरी आली तर फोनवर सुतारकाकांचा व्हिडिओ आलेला. ते खुशीत होते. "सगळं समजलं, एकूण एक. आणि शाबास! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू मंत्र्याचं एकही उत्तर खरं मानलं नाहीस. इतकी तुच्छता आईलासुद्धा जमली नव्हती. मंडळाला अभिमान आहे."

तिने कपाळाला हात लावला. दुभाष्याने मत दाखवायचं नसतं. हा गैरसमज आहे, नुसती भुवई लटकली आहे, हे लगेच कळवायला हवं होतं. तिने फोन समोर धरला आणि खुलासा रेकॉर्ड करायला हात वर केले.

आई पत्ते पिसत समोर बसली होती, व्हिडिओ तिनेही पाहिला होता. तिने हातातला गठ्ठा खाली ठेवला, लेकीच्या हातातून फोन काढून घेतला आणि उशीखाली सारला.

"राहू दे," ती म्हणाली. "पान उचल."